मावशींची मुख्य भूमिका

मावशी सव्विसाव्या वर्षी म्हाताऱ्या झाल्या, त्या कायमच्याच. हौशी नाटक मंडळीत म्हातारीचं काम करणारी बाई ऐन प्रयोगाच्या दिवशी आजारी पडली, तेव्हा टेलिफोन ऑफिसातल्या या तरतरीत मुलीच्या केसांना पावडर फासून तिला उभं केलं गेलं. काम इतकं फक्कड झालं की पोरीचं नशीबच फुटलं. तेव्हापासून कधी नायकाची मावशी, कधी नायिकेची, कधी शेजारची. यायचं, दोन टोमणे मारायचे, टाळ्या घ्यायच्या आणि चहाचा ट्रे उचलून आत जायचं. पुढे पुढे नवराही चुकून मावशी म्हणू लागला.

मंडळीची नाटकं लिहायचे ते बातमीदार. पोटासाठी वर्तमानपत्राची नोकरी आणि जिवासाठी नाटक, असा त्यांचा दुहेरी संसार. "पुढचं नाटक तुमचं, मावशी. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तुम्हीच," असं ते दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी एखादी नाजूक तरुणी पुढे नि मावशी मागे. विचारलं तर म्हणत, थोडं थांबा. मावशी थांबल्या. नोकरी संपली, नवरा गेला, मंडळी पांगली आणि एक दिवस बातमीदारही गेले. या माणसाने आपल्या तोंडाला पानं पुसली, असं मावशींनी मनाशी पक्कं केलं.

बातमीदारांच्या मुलाने वडिलांचे सगळे कागद ग्रंथालयाच्या संग्रहाला दिल्याचं कळलं, तेव्हा मात्र मावशींना राहवेना. ते नाटक लिहिलं होतं की नुसत्याच थापा होत्या, याचा एकदा निकाल लागायला हवा होता.

संग्रहाच्या वाचनखोलीत उंच खिडक्या, एक लांबलचक टेबल आणि शांतता राखण्याची पाटी. संग्रह सांभाळणाऱ्या बाई मावशींच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी कागदांचे दोन भाग केले होते, एकीकडे वर्तमानपत्र, दुसरीकडे नाटक. मावशींनी नाटकाचे सगळे खोके उपसले. झालेली नाटकं तेवढी निघाली, प्रत्येकात ट्रे घेऊन मावशी. त्यांना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा तर शुद्ध अन्याय.

बाईंना वाईट वाटलं. बातमीदारांनी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या नाटकांवरही लिहिलंय, ते बघता का, असं त्यांनी विचारलं. आणा, म्हणाल्या मावशी, दुसऱ्यांना किती नावं ठेवलीत तेवढं तरी कळेल.

वर्तमानपत्राच्या खोक्यात टाइप केलेल्या बातम्यांच्या प्रती होत्या. पाणीपुरवठ्याच्या बैठकीवरचा एक कागद मावशींनी वाचायचा कंटाळा येऊन पालथा घातला. मागे पेन्सिलीने संवाद लिहिलेले, कोपऱ्यात पान नंबर सतरा.

बाईंनी कपाळाला हात लावला. बातमीदार ऑफिसातले टाकाऊ कागद पाठकोरे म्हणून वापरत, आणि खोके लावताना सगळ्यांनी बघितली ती फक्त टाइप केलेली बाजू. अख्खं नाटक बातम्यांच्या तारखांप्रमाणे खोक्याखोक्यांत विखुरलं होतं.

मग दोघी हात धुऊन मागे लागल्या. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकामागे सुनेशी भांडण सापडलं, टोमॅटोच्या भावांमागे पळून जायचा बेत. घरच्यांना पत्ता लागू न देता मोटार चालवायला शिकणाऱ्या बाईची गोष्ट होती, आणि ही बाई एका पानावरूनही हलत नव्हती. मावशी तोंडावर पदर धरून हसत, बाकीचे वाचक माना वर करत. मग मावशींच्या लक्षात आलं की नाटकातल्या बाईचं वय सत्तरीच्या पुढे. त्या चिडल्या. पुन्हा म्हातारीच! बातम्यांवरच्या तारखांना चाळिशीही न गाठलेल्या आपल्यासाठी या माणसाला दुसरं काही सुचलंच नाही?

पहिलं पान सगळ्यात शेवटी हाती लागलं. पात्रांची नावं होती, सर्वांत वर मोटारवाली बाई आणि तिच्यापुढे 'मावशी'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "आत्ता नको. मावशी अजून फार तरुण आहेत. नुसत्या अभिनयाने भागणार नाही, हिचे गुडघे खरेच दुखले पाहिजेत. वाट बघू."

मावशींनी ते दोनदा वाचलं. अख्ख्या गावाने त्यांना सव्विसाव्या वर्षी म्हातारी केलं होतं, आणि एका माणसाने त्यांना तरुण समजून त्यांचं काम राखून ठेवलं होतं. त्याला आपण इतकी वर्षं थापाड्या म्हणत आलो. डोळे भरून आले, पण हसूच जास्त येत होतं.

"गुडघे तयार आहेत," त्या म्हणाल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

बाई म्हणाल्या की कागद बाहेर नेता येत नाहीत. मावशींनी विचारलं, बाहेर कोण नेतंय? चार वाचक पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होते, तेवढे पुरे होते.

"तुम्ही मोटार शिकवणाऱ्याची वाक्यं म्हणा," मावशी म्हणाल्या. "आणि जरा मोठ्यांदा. मागच्याला ऐकू गेलं पाहिजे."

बाईंनी पाटीकडे एकदा बघितलं, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य म्हटलं.