सकाळचं माप

त्या काळी मीरा रोडच्या बिल्डिंगांना लिफ्ट असायची, पण ती चालायची नाही. आणि माझी नोकरी होती दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकायची... म्हणजे रोज किती जिने व्हायचे, ते माझे पायच जाणोत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही गिरगावातनं नुकतेच मीरा रोडच्या पेणकरपाड्याला राहायला आलो होतो आणि बाबा चार महिन्यांत रिटायर होणार होते. मी अजून प्रोबेशनवर. पर्मनंट झाले तर घरात एक पगार चालू राहणार, नाही तर... त्या ‘नाही तर’च्या पुढे आमच्याकडे कुणी बोलायचं नाही.

माझी अडचण अशी की डावा पाय उजव्यापेक्षा चांगला एक नंबर मोठा. तयार बूट डाव्याला बसले की उजवा आत फटकफटक वाजायचा, उजव्याला बसले की डाव्याची करंगळी सोलून निघायची. मी उजव्या बुटात कापूस कोंबून दिवस काढत होते.

कुणीतरी सांगितलं, काशीमीऱ्याला हायवेलगत, गॅरेजच्या रांगेत एक काका मापाने बूट करून देतात. मूळचे परभणीकडचे. किंमत ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तीन जोड येतील. मी म्हटलं, पण तिन्ही चावणारेच ना?

आणि गेले की लगेच... रविवारी, सकाळी, अंघोळ करून. कारण आठवड्यानंतरच्या सोमवारी साहेब माझ्याबरोबर राउंडला येणार होते आणि पर्मनंटचं त्या दिवसावर ठरणार होतं.

काकांनी कागद अंथरला आणि विचारलं, आज किती चाललात? मी म्हटलं, का? तर म्हणे, पाय दिवसभर चालून फुगतो, संध्याकाळी या, ते माप खरं. मला कुठला दम निघतोय! मी ठोकून दिलं, पार लांबच्या राई गावातून चालत आलेय म्हणून. खरं तर त्यांच्या दारात रिक्षातून उतरले होते.

बरं, मापासाठी दोन मिनिटं एका जागी उभं राहायचं, तर तेही जमेना. आई म्हणायची तशी पायाला भिंगरी... एकदा घड्याळाकडे बघ, एकदा रिक्षाकडे बघ. काकांना तीनदा कागद बदलावा लागला. बूट कसे हवेत तेही मीच भराभर सांगून टाकलं. काळे, लेसवाले, एकदम ऑफिसरसारखे.

पुढच्या रविवारी सकाळीच जाऊन आणले. घालून बघितले, फिट्ट!

सोमवारी मात्र पहिल्याच दारात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे कुणाच्या घरात पाऊल टाकायचं म्हणजे बूट बाहेर काढायचे. दिवसाला तीस-चाळीस दारं... आणि प्रत्येक दारात लेस सोडा, लेस बांधा. आधीचे बूट बिनलेसचे, म्हणून हे कधी सुचलंच नव्हतं.

विसाव्या घरानंतर पाय असे फुगले की काढलेला बूट परत चढेचना. साहेब जिन्यात घड्याळ बघतायत, मी एका पायावर उड्या मारतेय आणि त्या घरातल्या मावशी दार लावू की नको या विचारात. शेवटी बूट फिल्टरच्या पिशवीत कोंबले आणि उरलेल्या दोन विंग अनवाणी चढले. दार उघडणाऱ्या बायका आधी माझ्या रक्ताळलेल्या टाचांकडे बघायच्या, मग फिल्टरकडे.

एकही बुकिंग झालं नाही. साहेब म्हणाले, अजून एक महिना बघू. त्यांच्यासमोर नाही रडले... रिक्षात रडले.

तशीच त्या रिक्षाने काशीमीऱ्याला गेले, भांडायलाच. एवढे पैसे घेता आणि साधं माप येत नाही, असं काय काय बोलून घेतलं. काका बुटांकडे बघेचनात. माझ्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले,

“ताई, ह्यो पाय आज पयल्यांदा आलाय माझ्याकडं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रिक्षाने आले होते ते कबूल केलं. तर ते म्हणाले, धुतलेले पाय दिसत होते, तरी तुमचं ऐकलं, चूक माझीपण आहे.

त्यांनी तोच जुना कागद काढला आणि मला त्यावर उभं करून दुसरी रेघ ओढली. सकाळच्या रेघेपेक्षा ती गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर, करंगळीपाशी तर जास्तच. या वेळी मी अजिबात हलले नाही. हलायची ताकदच उरली नव्हती.

मग दिवसभर काम काय करता, बूट किती वेळा काढता, सगळं विचारून घेतलं. वरचं चामडं उसवून नवं लावलं, लेसऐवजी बाजूला इलॅस्टिक दिलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

त्याच बुटांनी मी तो महिना काढला आणि पर्मनंट झाले. पत्र आलं त्या दिवशी बाबा नुसते खुर्चीत टेकून बसले, कितीतरी वेळ. बूट पुढे सहा वर्षं चालले, सोल दोनदा बदलून.

तेव्हा मापाचे बूट परवडतात का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते... पण माप द्यायला धीर लागतो. नंतर केव्हातरी रस्ता रुंद झाला आणि ते दुकान गेलं. मी इतकी घाईत असायचे की काकांचं नावसुद्धा कधी विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

परवा सकाळी आठ वाजता आमची लेक हॉलमध्ये उभी. ऑनलाइन बूट मागवायचे होते... एक पाय कागदावर, दुसरा दाराकडे आणि स्वतःच वाकून पेन्सिल फिरवतेय. आई, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाली.

मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. म्हटलं, संध्याकाळी. आधी चालून ये.