डोमा बुरुडाची उमेदवारी

मूल गावच्या पंचक्रोशीत डोमा बुरुडासारखी टोपली कुणी विणत नसे. त्याच्या टोपलीत पाणी ओतलं तर तेही गळण्याआधी विचार करतं, असं लोक म्हणत. पण सत्तावन्न साल उजाडलं तेव्हा गड्याचे हात रिकामे होते. टोपलीला ओला बांबू लागतो, आणि नाल्याकाठचं सगळं बांबूबन ठेक्यानं वर्धिनी बांबू कंपनीला गेलं होतं.

तशात निवडणूक आली. भाऊसाहेब गरजले, "बुरुडाचा बांबू बुरुडालाच!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या विरोधात उभे असलेले वकीलसाहेबही तेच गरजले, फक्त घसा जरा बसलेला. दोन्ही सभांचे मांडव डोमानंच बांधले. पाहतो तर दोन्हीकडच्या वाळक्या बांबूंची बुडं लाल रंगवलेली, म्हणजे कंपनीचीच खूण. जीपही कंपनीची, आणि तीही एकच. सकाळी एक झेंडा, दुपारी दुसरा.

"कंपनीच्या मांडवात उभं राहून कंपनीचा बांबू आपल्याले वाटून राह्यले," त्याची बायको गोकुळा म्हणाली. "तुमीच काऊन मागं?"

डोमा तडक कंपनीच्या मुनशीकडे गेला. "मुनशीजी, मी बी उभा राहून राह्यलो."

"तू? तुले कोन मत देईल?"

"बुरुडायची बावन घरं आहेत. माह्या घरचं तेवढं पक्कं नाई."

मुनशी पोट धरून हसला. पण कंपनीचा दस्तूरच असा, की निवडून येण्याची शंका ज्याच्यावर जाईल त्याला काहीतरी द्यायचं. "बोल, किती पैसे?"

"पैसा नोको. ओला बांबू द्या, ट्रकभर."

मुनशीनं नागपूरच्या कचेरीला कळवलं: तिसरे उमेदवार, जातीत वजन बरे, ट्रकभर ओला बांबू मंजूर व्हावा.

अर्ज भरायची तारीख गेली. डोमानं अर्ज भरलाच नाही. अनामत भरायला पैसे कुठले? मुनशी प्रकरण विसरला. आणि नागपूरनं मंजूर केलेला ट्रक मतदानाच्या आदल्या दिवशी बुरूड मोहल्ल्यात येऊन उभा राहिला. मागोमाग मुनशी धापा टाकत आला.

"डोमा, लेका, तू तं उभाच नाई!"

"मंग तसं लिवा ना साहेबाले."

डोमाचं ते वजन मुनशीनं स्वतःच्याच अक्षरात लिहून दिलेलं; आता खरं कळवावं तर नोकरीच जायची. घाम पुसून तो ट्रकवाल्याला एवढंच म्हणाला, "उतरव."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मोहल्ल्यात बांबू चिरून कामट्या काढणं चाललं होतं. भाऊसाहेबांची जीप आली.

"अरे डोमा, मतदान! उठा सारे!"

"रागावू नका जी भाऊसाहेब. हा बांबू आठ दिवसांत वाळते. तुमी पाच वर्स टिकता."

वकीलसाहेबांनाही हेच उत्तर मिळालं. ते एकोणचाळीस मतांनी पडले, आणि डोमाला भाऊसाहेबांनी फोडलं, असं मरेपर्यंत सांगत राहिले. भाऊसाहेबांनी निवडून येताच कंपनीचा ठेका वाढवून दिला. त्या होळीला मूलच्या बाजारात डोमाच्या टोपल्या विकून संपल्या, बांबूही संपला, आणि पाडव्यापासून तो नाल्याकाठी कंपनीचा बांबू तोडायला रोजीनं जाऊ लागला. मुनशी मात्र त्याला तेव्हापासून डोमाजी म्हणे.