एक-दोन ठिकाणी वीज पडण्याची शक्यता

मैत्रीची आई आणि मावशी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबल्या. मैत्री शिकली आणि मंडल ऑफिसात, म्हणजे सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यातल्या तहसील कचेरीत, कारकून झाली. इचोड्याहून ती रोज बसने कामावर जाई. दाखले, अर्ज, नकला ही तिची कामं. दोन वर्षांपूर्वी त्यात हवामानाच्या इशाऱ्यांची भर पडली. जिल्ह्याहून मेसेज यायचा, तो तिने बावीस गावांच्या ग्रुपवर टाकायचा आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. मेसेज सरकारी तेलुगूत असे. मतलब एवढाच, की जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी वीज पडण्याची शक्यता आहे, नागरिकांनी सुरक्षित स्थळी थांबावं.

त्या ऑक्टोबरात सलग आठ दिवस हाच मेसेज आला. आठही दिवस लख्ख ऊन होतं. नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आभाळ फुटलं. वाघदऱ्याच्या शिवारात सोयाबीन कापणाऱ्या बायका बांधावरच्या मोहाखाली धावल्या आणि वीज त्याच झाडावर पडली. त्यांतली लक्ष्मीबाई जागच्या जागी गेली. दोघी भाजल्या. बायकांच्या टोळीची म्होरकी म्हणजे मैत्रीची मावशी भागीरथा. विळे गोळा करायला ती मागे राहिली होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार राघवेंद्र सर, ऑफिसच्या तेलुगू वळणात ‘सार’, पंचनाम्याला निघाले. मराठी गाव म्हणून मैत्रीला सोबत घेतलं. लक्ष्मीबाईच्या दारात खुर्ची टाकून तिने फॉर्म भरायला घेतला. एक रकाना होता : पूर्वसूचना दिली होती काय?

“होय लिहा,” सार म्हणाले. “सकाळी अकरा चाळीसला गेलाय ना मेसेज?”

भागीरथा भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली. “कोणाले देल्ली सूचना? मले त नाय भेटली.”

“ग्रुपवर टाकली होती, मावशी.”

“माह्या फोनात ग्रुप नाय. अन् असता तरी वाचलं कोणी असतं?”

मैत्रीने ‘होय’ लिहिलं. लिहिताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

आठवडाभर ती सारांच्या मागे लागली. मेसेज मराठीत द्यावा, बोलून द्यावा, गावाचं नाव घेऊन द्यावा. सार माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, “जिल्ह्याचा मजकूर आपण बदलू शकत नाही. तुम्ही वाघदरा म्हणालात आणि वीज शेजारच्या गावात पडली, तर उत्तर कोण देणार?”

“आता कोण देऊन राह्यलं, सार?”

 सारांनी समोरची फाईल जवळ ओढली.

मग मैत्रीने ऑफिसला न विचारता स्वतःच्या फोनवरून मावशीला फोन केला. “आज दुपारी वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला, की वावर सोडा. झाडाखाली थांबू नका.”

“झाडाखाली नाय, त मंग कुठं? सांग ना. वावरात दुसरं काय हाय?”

 दोन वर्षांत शंभरेकदा ‘सुरक्षित स्थळी’ असं मैत्रीने पुढे पाठवलं होतं. ते स्थळ कुठं आहे, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. पाण्याच्या मोटारीची टिनाची खोपी चालत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. पक्कं छत म्हणजे गावची शाळा, वावरापासून वीस मिनिटं लांब. तिने मुख्याध्यापक केशवरावांना गाठलं. त्यांनी एक वर्ग उघडा ठेवायचं कबूल केलं.

पहिल्या दिवशी ढग भरून आले, दूर गडगडलं. अकराही बायका शाळेत जाऊन बसल्या. अर्ध्या तासात ऊन पडलं. पावसाचा थेंब नाही. वावराचे मालक भगवानराव बांधावर उभे राहून ओरडले, “उद्यापासून दुसरी टोळी आणतो!” बायकाही चिडल्या. संध्याकाळी मावशीचा फोन आला, “तुयी वीज कुठं गेली व?”

“मावशी, पडंलच असं मी कधी म्हणलं? पडू शकते म्हणलं.”

“ते ‘शकते’ आमाले नको सांगू. पडते का नाय, ते सांग.”

 एवढं नेमकं तर जिल्ह्यालाही सांगता येत नव्हतं.

चार दिवसांनी पुन्हा इशारा आला. मैत्रीने पुन्हा फोन केला. दोन वाजता मावशीचाच उलटा फोन आला. पाठीमागे गडगडाट ऐकू येत होता. “आमी पाच जणी शाळेत आलो. सहा जणी वावरातच हायेत. मालक सोडून नाय राह्यले. तू बोल त्याइच्याशी.”

मैत्रीने भगवानरावांना सात वेळा फोन लावला. रिंग वाजत राहिली. ऑफिसच्या खिडकीतून तिला वाघदऱ्याकडचं आभाळ शाईसारखं काळं दिसत होतं. समोर जातीच्या दाखल्यासाठी आलेला माणूस विचारत होता, “बाई, सही होते का आज?”

पाऊस झाला. विजाही पडल्या, पण लांब, नदीपलीकडे कुठंतरी. वावरातल्या सहाही जणी ओल्याचिंब होऊन घरी आल्या. ओलं सोयाबीन वेळेत ताडपत्रीखाली गेलं म्हणून भगवानरावांनी त्यांचं कौतुक केलं.

“पायलं ना,” त्यातली एक जण भागीरथेला म्हणाली, “काही नाय झालं.”

मावशीने हे फोनवर सांगितलं, तेव्हा मैत्रीला रडू आलं नाही, रागच आला. काही झालं नाही याचा आनंद मानायचा, तर त्याच भरवशावर पुढच्या वेळी शाळेत पाच जणीही येणार नव्हत्या.

“तू येशील ना, मावशी?” तिने विचारलं.

“मी येईन,” भागीरथा म्हणाली. “बाकीच्याइचं मी सांगू शकत नाय.”