गणिताच्या जागी भूगोल

दहावीला मला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कमी मिळाले असते, तर अकरावीत गणित सोडताना कोणी चकार शब्द काढला नसता.

डॉक्टर व्हायचं हे मी सातवीपासून घोकत होते. अमरावतीचं कॉलेज ऑनलाइन मिळालं, पण विषय कॉलेजच्या खिडकीवर, कागदी फॉर्मवर भरायचे होते. पाच विषय ठरलेलेच. सहाव्या रकान्यात गणित की भूगोल, एवढाच प्रश्न. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दोन्ही लागत नाहीत. पण गणित असलं की इंजिनिअरिंगचा रस्ता मोकळा राहतो, आणि माझ्या बाबांना मोकळ्या रस्त्यांचं भारी प्रेम.

बाबा फुलवाले. रिद्धपूरच्या रस्त्यावर आमचं दोन एकर वावर. त्यात झेंडू, निशिगंध आणि थोडे गुलाब. रोज सकाळी ते अमरावतीच्या फुलबाजारात बसत, सुट्टीत मीही सोबत जायची. त्यांचे दोन नियम होते. पहिला, बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईपर्यंत मालातलं एक फूलही घरच्यांसाठी काढायचं नाही. आमच्या घरच्या देवालासुद्धा बोहनीनंतरचंच फूल मिळायचं. दुसरा, कोणतीही मोठी गोष्ट बाजारात दहा जणांना विचारल्याशिवाय ठरवायची नाही. पाण्याची मोटर असो की आत्यासाठी आलेलं स्थळ, आधी बाजार काय म्हणतो ते बघायचं.

तसा माझा सहावा विषयही बाजारात आला. हार न्यायला येणारे वकीलसाहेब म्हणाले, "गणित नंतर सोडता येतं, पण नंतर घेता येत नाही." मंदिरातले पुजारीकाका म्हणाले, "दोनी घे बाई, देव पाहून घेईन." टेम्पोवाल्याचा मुलगा इंजिनिअर होऊन घरी बसला होता, तरी टेम्पोवालाही म्हणाला, "गणितच घे." राजापेठेतल्या क्लासचे सर तेवढे म्हणाले होते, की भूगोल घे आणि मोकळी हो. पण ते बाजारातले नव्हते, त्यामुळे त्यांचं मत धरलं गेलं नाही.

मला संताप आला. झेंडूचा हर्रास होतो तसा माझ्या विषयाचा मांडला होता. प्रत्येक जण आपली बोली लावून हार घेऊन निघून जायचा.

खरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. गणित मला आवडायचं, तीच तर पंचाईत होती. समोर गणित असलं की मी दिवसभर तेच करत बसणार आणि बायोलॉजीचं पुस्तक मिटलेलं राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरकीचा अभ्यास अवघड वाटला की मी गणिताच्याच दारातून पळाले असते. म्हणून ते दार मला स्वतःच्या हाताने बंद करायचं होतं.

फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं ओसरीत निशिगंध ओवत बसलो होतो. बाबा म्हणाले, "बाई, कपाशीच्या ओळींमंधी तुरीचं तास काहून असते? कपाशी गेली तं तूर हाती येते. एकाच पिकावर वावर सोडाचं नसते."

"मंग तुमी कपाशी मोडून सारी फुलंच लावली, तवा तूर कुठं होती?" मी म्हणाले. "तवा कोणाले इचारलं होतं?"

आईची सुई थांबली. ही घरातली न बोलायची गोष्ट होती. काकांनी तेव्हा बाबांना वेड्यात काढलं होतं, आजोबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. बाजारात दहा जणांना विचारायची सवय बाबांना त्यानंतर लागली, हे मला आईने पुढे सांगितलं. मी मात्र ती बोलून बसले. बाबांनी हातातला हार पुरा केला, गाठ मारली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने माझी गुणपत्रिका आणि सहाव्या रकान्यात मी लिहिलेला भूगोल पाहिला. "सत्त्याण्णव? अन् गणित नाही घेत? फॉर्म चुकला वाटते." मागे उभे असलेले बाबा सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "चुकला नाई साहेब. भूगोलच लिवा. तिले डॉक्टरच व्हायचं हाये." एवढा अभिमान मला ते गुण मिळाले तेव्हाही वाटला नव्हता.

त्यानंतरच्या सकाळी बाजारात बाबांनी पहिली टोपली उघडली. बोहनी व्हायची होती. त्यांनी टपोरे झेंडू निवडून काढले, हार ओवला आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातला.

टेम्पोवाला ओरडला, "काय जी, पोरीचा निकाल लागला काय?"

"नाई," बाबा म्हणाले. "फारम भरला."

बाजार पोट धरून हसला. मला लाज वाटली, पण मी हार काढला नाही.

बारावीनंतर मेडिकलच्या पहिल्या प्रवेश परीक्षेत माझे गुण कमी पडले. गणित असतं तर, हे वाक्य त्या वर्षी मी बाजारभर ऐकलं. बाबांच्या तोंडून एकदाही नाही. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "अभ्यास करून राहिली," आणि फुलांवर पाणी शिंपडायचे. मी पुन्हा बसले, आणि अकोल्याला एमबीबीएसला नंबर लागला.

ते कळलं त्या सकाळी बाजारात माझ्या गळ्यात हारांवर हार पडले. पुजारीकाकांनी शाल आणली, वकीलसाहेबांनी आमच्याच दुकानातून गुलाबाचा हार घेऊन मला घातला. बाबा मात्र गिऱ्हाईक करत होते. मी चिडवलं, "बाबा, तुमचा हार कुठी हाये?"

त्यांनी मान वर केली नाही. "माहा तं तवाच घालून झाला," ते म्हणाले.