जनरेटरकाकांचा अर्ज

जनरेटर भाड्याने द्यायचे म्हणून सगळे त्यांना जनरेटरकाकाच म्हणत. रोज दुपारी तीनला वीज गेली, की काका मिशीला पीळ देत उठायचे, जनरेटरची दोरी ओढायचे आणि त्या धडधडाटाच्याही वर आवाज चढवून शेजारच्या शिंप्याला ऐकवायचे, "सरकारला जमत नाही ते बाजार करून दाखवतो, बघ! सरकारने विजेतून अंग काढून घ्यावं." शिंपी बिचारा पंधरा वर्षं मान डोलावत आला.

यंदा सरकारने खरोखरच अंग काढून घेतलं. वीजपुरवठा एका खासगी कंपनीकडे गेला आणि तीन वाजून गेले तरी पंखे आपले फिरतच राहिले. काका आठवडाभर सवयीने तीनला उठले, दोरीला हात लावून परत खुर्चीत बसले. शिंपी तोंडात टाचण्या धरून गालातल्या गालात हसत होता.

आठव्या दिवशी काकांनी थेट मंत्र्यांना अर्ज खरडला: छोट्या धंदेवाल्यांसाठी सरकारने तातडीने लक्ष घालावे.

काकूंनी तो वाचला. "अहो, सरकारने अंग काढून घ्यावं म्हणून घसा कोण कोरडा करत होतं?"

"घ्यावं की काढून!" काका उसळले. "पण जाताना माझी तीनची वीजकपात तरी ठेवून जायची!"