बिनशेपटाचं घराणं

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. शाळा मी दुसरीतच सोडली. मी तिला कसा मिळालो ही गोष्ट ती दर लग्नात नव्या नवरीला धरून सांगायची आणि दर वेळी मला वेंधळा ठरवायची. आता सांगणारीच नाही. तर एकदा माझ्या बाजूनं सांगून टाकतो. सांगता सांगता तिच्याच बाजूची निघाली तर माझा इलाज नाही.

मोठी लढाई संपली तेव्हा मी आसामच्या डोंगरात होतो. बंदूक फारशी चालवली नाही, खेचरं हाकली. एक दिवस झाडं तोडणाऱ्या लोकांच्या हाती एक जनावर लागलं. झाड पडलं तसं तेही खाली आलेलं, पाय दुखावलेला. अंगावर भुरे दाट केस, तोंड काळं, भुवया चुन्यानं ओढल्यासारख्या पांढऱ्या. हात इतके लांब की उभं राहिलं तरी बोटं जमिनीला लागायची. आणि शेपूट नाही. तिकडचे लोक त्याला हुलू म्हणायचे. मिठाचा एक डबा दिला आणि ते मी घेतलं.

आमच्या खेचरांच्या डॉक्टरानं त्याचा पाय बांधला. मादी आहे म्हणाला. पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यानं मला सांगितलं की आपण सगळ्यांना सरसकट माकड म्हणतो, पण यांच्यातही घराणी असतात. आपलं लाल तोंडाचं माकड, त्याच्या गालात पिशव्या. मिळेल ते आधी गालात कोंबायचं, मग निवांत खायचं. वानरं त्याची चुलत भावंडं. शेपूट आणखी लांब, गालात पिशवी नाही, पण पोट असं की नुसत्या पाल्यावर निभावतं. रात्री हिंडणारी, वाटोळ्या डोळ्यांची लाजाळू जात आहे, तिचं घर निराळंच. आणि हे हुलूचं घराणं बिनशेपटाचं. फांदीवर चालायचं नाही, हातांनी लोंबकळत जायचं. खाली उतरलं की दोन पायांवर.

"माणसाला हेच घराणं जवळचं," डॉक्टर म्हणाला.

"बघूनच कळतंय," मी म्हणालो. आमचा जमादार समोरच उभा होता.

पलटणीतून सुटलो तेव्हा तिला सोडून यायचं मन होईना. कांबळ्यात गुंडाळली, डोक्यावरून पदरासारखं घेतलं आणि आगगाडीत आजारी म्हातारी म्हणून नगरपर्यंत आणली. तिथून बैलगाडीनं श्रीगोंद्याकडं, आमच्या गावी. दारातल्या लिंबावर ती चढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं हाळी दिली. हुकू-हुकू-हुकू, असा आवाज की वेशीपर्यंतची कुत्री उठली. मारुतीच्या वडावर वानरांचं मोठं खांड होतं, तेही खाकरायला लागलं. सगळं गाव आमच्या दारात.

लढाईवर जाण्याआधीच माझी सुपारी फुटली होती. मुलगी शेजारच्या गावची. तिचे वडील मारुतीचे असे भक्त की वानरांनी हरभरा उपटला तर हात जोडून बांधावर उभे राहायचे. मी आलो कळल्यावर ते तारीख ठरवायला आले. लिंबाखाली टेकले, वर बघितलं आणि पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"हे वानर कुठलं?"

"वानर न्हाई मामा. आसामातलं हाय. हुलू."

"तोंड काळं हाय, वानर न्हाई कसं? शेपूट कुठंय?"

"त्याला नसतंच."

"नसतंच?" ते उठले. "मारुतीच्या लेकराचं शेपूट छाटलंस आन वर मला शिकवतूस?"

भोवती माणसं होतीच. एक म्हातारा म्हणाला, "पलटनीत शिजवून खाल्लं आसंल." दुसरा म्हणाला, "अन् हात वढून वढून लांब केलेत बघा." आई आत रडायला लागली.

मला डॉक्टरचं बोलणं आठवलं. म्हटलं, आता यांना घराणी दाखवतो. नशिबानं त्या दिवशी गावात माकडवाला आला होता. त्याचं माकड आणि माझी हुलू दोघांपुढं भिजवलेले हरभरे ठेवले. माकडानं दोन्ही गाल टम्म फुगवले. हुलू एकेक दाणा उचलून सावकाश चावत बसली, गाल तिचे होते तसेच.

"बघा मामा," मी छाती काढून म्हणालो. "गालात पिशवी न्हाई. जातच येगळी."

माझे होणारे सासरे पुढं सरले. म्हणाले, "वानराच्या गालात तरी पिशवी आस्ती व्हय रं? आमी काय आज बघतूय का वानरं? तूच सिद्ध केलंस, हे वानर हाय. शेपूट तोडलेलं वानर."

लोक असे हसले की माकडवाल्याचं माकडसुद्धा दचकलं. सासरे तांब्याला परत न शिवता गेले. जाताना सांगून गेले की सुपारी मोडली, लग्नसराई उलटायच्या आत मुलीला दुसरं घर बघतो. बोलले तसं करणारा माणूस. दोन स्थळं बघूनही आले. माझं डोकं चालेना. लढाईतून हातपाय शाबूत घेऊन आलो होतो आणि एका शेपटावरून लग्न जात होतं.

मुलीचा मामा आमच्याच गावचा. सुगीत हाताखाली म्हणून ती त्याच्याकडं आली. विहिरीची वाट आमच्या दारावरून. सुपारी मोडलेल्या नवऱ्याशी मुलीनं बोलायचं नसतं. तिनं त्यावर तोड काढली. घागर कमरेला घेऊन लिंबाखाली थांबायची आणि हुलूशी बोलायची.

"काय गं बाई, भुवया कुनी रंगवल्या तुझ्या?" पहिल्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या खेपेला हुलू खाली उतरली होती. डोक्यावरचं ओझं सावरावं तसे दोन्ही हात वर धरून दोन पायांवर अंगणात चालत होती. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या धन्याला सांग, डोळं आसून आंधळा हायेस. रोज उंबरं चारतूस आन बाई पोटुशी हाय ते दिसंना व्हय?"

मी वाकून बघितलं. पोट खरंच पुढं आलं होतं. मला वाटायचं उंबरं मानवली.

त्याच संध्याकाळी तिनं मामाला मध्ये घालून वडिलांना बोलावून घेतलं. मामाच्या ओसरीवर सगळे बसले. मला उंबऱ्याबाहेर. ती दाराआडून बोलली, पण सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं.

"आबा, दरसाल आपल्या वावरात मेंढरं बसत्यात. त्या धनगरांच्या कुत्र्यांची शेपटं तोडल्याली आस्तात. त्यांची पिल्लं कशी हुत्यात?"

"शेपटाची. पर त्याचं हितं काय?"

"ती लिंबावरली पोटुशी हाय. तिचं शेपूट मानसानं तोडलं आसंल तर पिल्लू शेपटाचं हुईल. मग तुमी म्हनाल तिथं मी जाईन, त्वांड उघडनार न्हाई. पर पिल्लू बिनशेपटाचं झालं तर सुपारी व्हती तशी. तंवर तिसरं स्थळ बघायचं न्हाई."

मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "दाजी, पोरगी वकील निघाली की!"

कुत्र्याचं उदाहरण त्यांच्याच वावरातलं, नाकारणार कसं? शेवटी सासरे म्हणाले, "मारुतीच्या मनात आसंल तसं हुईल."

मग मी त्या जनावराची जी बडदास्त ठेवली तशी आईचीही कधी ठेवली नाही. उंबरं, पेरू, पपई, चिंचेचा कोवळा पाला. थंडीला माझं पलटणीचं कांबळं दिलं, मी गोधडीत. लोक येता-जाता विचारायचे, "काय, डोहाळजेवान कधी?" डॉक्टरनं शेपटाचं सांगितलं होतं ते खरंच होतं, पण ऐन वेळी जीव खालीवर होतोच. आईनं मारुतीला नारळ बोलला.

एका सकाळी हाळी आली नाही. मी बाहेर धावलो. हुलू खालच्या फांदीवर बसली होती आणि पोटाला करगोट्यासारखं काहीतरी पांढुरकं गच्च आवळलेलं. आम्ही निरोप धाडायच्या आधीच बातमी पोचली असावी. सासरे धावतपळत, घाम पुसत आले, धोतराला वाटेतली कुसळं तशीच होती. मामा, भाची, निम्मं गाव.

सासरे फांदीखाली उभे राहिले. हुलूनं त्यांच्याकडं बघितलं, जराशी वळली, आणि पिल्लाची पाठ उन्हात आली. सगळी पाठ. मानेपासून खालपर्यंत साफ.

सासऱ्यांनी वाकून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. "चुकलो," म्हणाले. मला म्हणाले की हुलूला, ते मी कधी विचारलं नाही. मग वळून मामाला ओरडले, "भटजीला गाठा. जवळातली जवळ तीथ!"

माणसांनी मला उचलूनच धरलं. शिजवून खाल्लं म्हणणारा म्हातारा सगळ्यांत पुढं. ती मात्र जागची हलली नाही. घागर कमरेला, मान ताठ. कुस्ती मारून आलेला पैलवान जसा फड बघतो, तशी सगळ्यांकडं बघत होती.

लग्न आमच्याच दारात झालं, लिंबाखाली मांडव घालून. सकाळचा मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या आणि डोक्यावरून हुकू-हुकू-हुकू. बाळंतपणानंतरची पहिली हाळी. मारुतीच्या वडावरून वानरांनी खाकरून जबाब दिला. भटजी मध्येच थांबले.

सासरे अक्षता मुठीत धरून म्हणाले, "थांबू नका भटजी. त्यांच्या घराण्याच्या बी मंगलाष्टकाच हायेत त्या."

अंतरपाटाच्या पलीकडून ती हसली. नवरीनं असं मोठ्यानं हसायचं नसतं. कान देऊन बसलं की या रिकाम्या घरात मला अजून तेच हसू ऐकू येतं.