पाचवं कोठार

चार टाळकी रोज एका ठिकाणी बसली की किस्से आपोआप साठतात, त्यासाठी कुणाला मुद्दाम काही करावं लागत नाही. आम्ही पनवेलला इम्तियाजभाईंच्या सायबर कॅफेत बसायचो आणि गेममध्ये जुन्या काळातलं एक राज्य चालवायचो. राज्य कधीच टिकलं नाही. किस्से टिकले.

*

गेमचा नियम असा की पहिली विहीर स्वस्त, दुसरी महाग, तिसरी त्याहून महाग. मी एकदा वैतागून म्हणालो, "पाच जुड्या घेतल्या तर भाजीवालीसुद्धा कमी करते."

इम्तियाजभाई शांतपणे म्हणाले, "जनाब, बाहेर फ्लॅटचे रेट बघा. तिथे भांडता का कुणाशी?"

नियम त्यांना इतका पटला, की दुसऱ्या दिवसापासून आमचा दुसरा चहा पहिल्यापेक्षा महाग झाला.

*

आमच्यातला दिनेश जवळच्या गव्हाण गावचा. तिकडे घराच्या स्लॅबवर सळया तशाच उभ्या सोडतात, म्हणजे पुढेमागे वरचा मजला चढवता येतो. दिनेशने गेममधल्या तटबंदीची एक बाजू त्याच हिशेबाने उघडी सोडली. शत्रू तिथूनच आत आला.

"अरे, भिंत पुरी का नाही केलीस?"

"पुढं वाढवायची होती," दिनेश म्हणाला.

*

दिनेशला कोठारांचा भारी सोस. चार बांधली, चारही रिकामी. पाचव्याची किंमत इतकी चढली की सैन्य ठेवायला काही उरेना.

हे घराण्यातच होतं. त्यांची भातशेती सरकारी प्रोजेक्टमध्ये गेलेली. तरी वडील, बाळारामकाका, अंगणातलं रिकामं कोठार रोज झाडून कुलूप लावायचे. मी एकदा विचारलं, "काका, कुलूप कशाला?"

"भात आला तं ठेवायचा कुठं?" काका म्हणाले.

*

मग दिनेशचं लग्न ठरता ठरता अडलं. मुलगी आपटा गावची, दोघं एकमेकांना पसंत. पण मुलीचे वडील घर बघून म्हणाले, "पोरीला येगली खोली पायजे. दिवालीपर्यंत बांदा, नायतर आमी दुसरीकडं बघतो."

वरचा मजला परवडेना. बाळारामकाका म्हणायचे, "सिमेटचा दर उतरंल." दर चढतच होता. दिनेश खेळायचा थांबला. कॅफेत येऊन नुसता स्क्रीनकडे बघत बसायचा. आम्हाला त्याची खरंच काळजी वाटायला लागली.

*

एका संध्याकाळी काका त्याला शोधत कॅफेत आले. इम्तियाजभाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. पहिलाच होता. काका स्क्रीनकडे बघत राहिले.

"ही काय रं?"

"कोठारं," दिनेश म्हणाला.

"आत काय हाय?"

"काय नाय."

"मंग येक पाडलं तं?"

इतके दिवस आम्ही खेळत होतो, पण बांधलेलं पाडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दिनेशने एक पाडलं. त्याचा दगड आणि लाकूड परत जमा झालं, वर पुढच्याची किंमतही उतरली. काका चहा अर्धा टाकून उठले.

*

पुढच्या आठवड्यात आम्ही गव्हाणला गेलो, तर अंगणात कोठार नव्हतं. त्याच जोत्यावर त्याच्याच दगडांच्या भिंती चढत होत्या, आणि जुन्या फळ्या छतासाठी रचून ठेवल्या होत्या. काका गवंड्याला स्वतः दगड उचलून देत होते. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर मुलीचे वडील खोली बघायला आले. भिंत ठोकून बघितली, खिडकी उघडून बघितली, मान डोलावली. दिनेशने तेव्हा कुठे श्वास सोडला. मग निघता निघता पाहुणे थांबले आणि त्यांनी वर छताकडे बघितलं.

"भाताचा वास येतोय," ते म्हणाले.

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"येऊ द्या," काका म्हणाले. "त्याचं काय येगलं पैसं पडत नाय."